जुन्या गाडीचा पत्रा आणि गंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी घेतल्यावर पहिला महिनाभर माणूस इंजिनाबद्दल विचारतो आणि त्यानंतर कायम पत्र्याबद्दल. इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं. पत्रा एकदा खाल्ला गेला की कापूनच काढावा लागतो. नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत.

रंगाखाली छोटा फुगा आलाय. घासून वरून रंग मारला तर चालेल का?

फुगा कुठून आला त्यावर आहे. दगड लागून रंगाचा टवका उडाला आणि त्याच्या कडेने गंज सरकला, तर तो बाहेरचा गंज. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, प्रायमर द्या, रंग लावा, विषय संपला. पण मडगार्डच्या कडेला, दाराच्या तळाशी किंवा सिलवर (दाराखालच्या पोकळ पट्टीवर) टवका न उडताच फुगा आला असेल, तर गंज आतून आलाय. मागच्या बाजूने तो कधीपासून पत्रा खात बसलाय आणि बाहेर दिसतंय ते त्याचं शेपूट आहे. वरून रंग मारलात तर काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा फुगा येईल, बहुतेक आधीपेक्षा मोठा.

जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक फुग्यावर जरा दाबून बघा. आत गेलं तर हळहळू नका. भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते होतंच. वर फक्त रंग ताणलेला होता.

गाडी कायम गॅरेजमध्ये असते, तरी गंज का धरतो?

कारण गंजाला पाऊस लागत नाही, ओल पुरते. पत्र्यावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसला की त्याच पत्र्यावर एक इवलीशी बॅटरी सुरू होते. एका ठिकाणी लोखंड विरघळताना इलेक्ट्रॉन सोडतं, शेजारी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो आणि मधल्या मध्ये गंज तयार होतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ पोलादावरही हा उद्योग जोर धरतो. पत्र्यावर मीठ असेल, मग ते समुद्राच्या वाऱ्याचं असो किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, तर त्याहून कोरड्या हवेतही तो चालतो, कारण मीठ स्वतः ओलावा ओढून घेतं आणि त्या पाण्यातून वीजही सहज वाहू देतं.

गंजाची आणखी एक खोड म्हणजे तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेल्या (ठिपक्याठिपक्यांनी जोडलेल्या) शिवणीत तो शिरला की फुगून शिवणच उचकटतो आणि फटीत आणखी पाणी शिरतं. अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट चिकटून आतल्या धातूला सांभाळतो. लोखंडाचा गंज पोपड्यांनी सुटतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पाडतो.

जुन्याच गाड्या इतक्या का सडतात? नव्या तर वर्षानुवर्षं टिकतात.

आधी जाड चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी ठेवलेली असायची. मग बॉडी हाच सांगाडा करायची पद्धत आली. १९३४ची सित्रोएन ट्रॅक्शन अव्हाँ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. सांगाडा मजबूत व्हावा म्हणून पातळ पत्रा दुमडून बंद पेट्या केल्या: सिल, खांब, आडवे मेंबर. या पेट्यांच्या आत रंगाची बंदूक पोचत नव्हती. आख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवायची पद्धत १९६०च्या दशकात सुरू झाली आणि तिचा आजचा, जास्त टिकाऊ प्रकार १९७०च्या उत्तरार्धानंतर पसरला. जस्ताचा लेप दिलेला पत्रा सर्रास यायलाही वेळ लागला. पोर्शे ९११ला तो १९७६च्या मॉडेलपासून मिळाला, आऊडी १००ला १९८०च्या दशकाच्या मध्यात. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांच्या पोकळ्यांत कारखान्यातून निघतानाच जवळपास उघडं लोखंड होतं.

विकत घेण्याआधी पत्रा कसा तपासू?

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, पातळ कापडात गुंडाळून, म्हणजे रंगावर चरे पडणार नाहीत. ते पत्र्यावरून फिरवत जा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. पण लगेच विक्रेत्यावर आरोप करू नका. जुन्या कारखान्यांत छताचे आणि खांबांचे सांधे शिशाने भरून गुळगुळीत करत, आणि शिशालाही चुंबक चिकटत नाही. सांध्यावर शिसं असणं कारखान्याचं काम असू शकतं, दाराच्या मधोमध सापडलेली लांबी मात्र नाही. आणि शिसं सापडलं तर ते कोरडं घासू नका, त्याची धूळ विषारी असते.

मग बोटाच्या पेराने टकटक करत चला. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, लांबी बद्द वाजते. शेवटी गालिचा उचला. विक्रेता ‘कशाला उगाच’ म्हणाला तर नक्कीच उचला.

गंज हमखास कुठे सापडतो?

जिथे पाणी आत जातं आणि बाहेर यायला विसरतं तिथे. गाडीकडे याच नजरेने पाहिलं की यादी पाठ करावी लागत नाही. विंडस्क्रीनच्या खालच्या खोबणीत, जिथून केबिनमध्ये हवा येते, तिथे सुकी पानं साचतात आणि कुजून त्यांचं ओलं खत होतं. हेडलाइटच्या वाटीमागे पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थापला जातो आणि मडगार्डचा माथा आतून सडतो. मागच्या चाकाच्या कमानीत, जिथे आतला आणि बाहेरचा पत्रा एकत्र दुमडलेला असतो, त्या ओठाला बोट लावलं तर बहुतेक वेळा माती लागते. डिकीत स्टेपनीचा खड्डा. जॅक लावायच्या जागा, कारण जॅक प्रत्येक वेळी तिथला रंग खरवडतो. बॅटरीचा ट्रे, जिथे पाण्यासोबत आम्लही असतं. (खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतल्यावर फेस आला तर आम्ल शिल्लक आहे. फेस थांबेपर्यंत ओता, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा.)

सगळ्यात फसवी जागा म्हणजे केबिनचा तळ. विंडस्क्रीनचं रबर कडक होऊन तडकलं की पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि गालिच्याखालच्या नमद्यात मुरतं. वरून हात लावला तर गालिचा कोरडा. माझ्या एका गाडीच्या ड्रायव्हरकडच्या बाजूचा तो नमदा उचलून पिळला तर मूठभर पाणी निघालं. गाडी त्याआधी तीन आठवडे हललीही नव्हती. खालचा पत्रा तपकिरी झाला होता, पण ठोकल्यावर अजून वाजत होता. रबर बदललं आणि नमदा पुन्हा न घालता काढूनच टाकला. आवाज थोडा जास्त येतो, येऊ दे.

दाराच्या तळाशी छोट्या भेगा आहेत. त्या बुजवून टाकू का?

नका! त्याच पाणी जायच्या वाटा आहेत. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातंच, तसंच ते बनवलेलं आहे, आणि ते या भोकांतून खाली पडायला हवं. बहुतेक सडलेली दारं ही भोकं तुंबल्यामुळे सडलेली असतात.

प्लास्टिकची केबल टाय किंवा बोथट तार घ्या, भोकात घालून हलकेच फिरवा. आधी काळी माती येईल, मग वाळलेल्या रबराचा चुरा, मग कधीकधी एकदम धार लागते आणि चपलेवर पाणी पडतं. धार लागली तर तारीख लिहून ठेवा, कारण ते पाणी किती दिवस आत होतं याचा विचार करवत नाही. सिल, डिकी आणि विंडस्क्रीनची खोबण यांनाही अशीच भोकं असतात. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून नळ्या उतरतात. त्यांत वरून पेलाभर पाणी ओतून ते खालून तेवढंच बाहेर येतं का ते बघा.

गंज काढायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

सरसकट एक नाही. लहान जागेला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश पुरतो, मात्र फिरता तार ब्रश गंज घासण्याऐवजी कधी त्यालाच चमकवतो. काळसर चकाकी म्हणजे साफ पत्रा नव्हे. पांढुरका, राखाडी धातू दिसला पाहिजे, आणि खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरले असतील तर काम अजून बाकी आहे.

वाळूचा किंवा दुसऱ्या कणांचा मारा खड्ड्यांतला गंजही काढतो, पण बॉनेट, छत, दार अशा मोठ्या सपाट पत्र्यांवर जोरात मारला तर पत्रा ताणला जाऊन लाटा पडतात, आणि त्या कायमच्या. असं काम चॅसीवर बिनधास्त करा, बॉनेटवर हलक्या कणांनी, कमी दाबाने आणि अनुभवी हातानेच. मारा झालेला पत्रा उघड्या जखमेसारखा असतो. दमट हवेत काही तासांत त्यावर केशरी छटा येते, आणि उघड्या हाताने धरलात तर घामातल्या मिठामुळे बोटांचे ठसे गंजून वर येतात. हातमोजे घाला आणि त्याच दिवशी प्रायमर द्या.

आख्खी बॉडी आम्लात बुडवून साफ करायची सोय असेल तर मोह होतो. अडचण एवढीच, की शिवणींत शिरलेलं आम्ल पूर्ण धुतलं गेलं नाही तर नव्या रंगाखालून पुढे बाहेर येतं.

बिजागऱ्या, कंसासारख्या सुट्या भागांना धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढणं, झकास चालतं. त्यात दुसरं टोक म्हणून स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधं लोखंड वापरा, आणि उघड्यावर करा, कारण हायड्रोजन वायू निघतो.

रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर करणारं रसायन) लावला की घासायची गरज नाही ना?

बाटलीवर तसंच लिहिलेलं असतं. त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. पहिलं गंजाचं लोह-फॉस्फेट करतं, दुसरं निळसर काळं लोह-टॅनेट. दोन्ही स्थिर संयुगं आहेत, पण आम्ल जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतच. जाड पोपड्याच्या वरचा थर काळा होतो, खालचा जिवंत राहतो. म्हणून सुटणारं सगळं आधी खरवडा आणि खड्ड्यांत उरलेल्या बारीक गंजापुरताच कन्व्हर्टर वापरा. आणखी एक: बऱ्याच इपॉक्सी प्रायमरचं उरलेल्या आम्लाशी जमत नाही आणि रंग पुढे सालीसारखा सुटतो. दोन्ही डब्यांवरच्या सूचना वाचा, आणि त्या एकमेकींशी भांडत असतील तर प्रायमरचं ऐका.

प्रायमर कुठला द्यावा?

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी. तो घट्ट धरतो आणि पाणी अडवतो. चरे भरायचा जाड, सहज घासला जाणारा राखाडी प्रायमर हे वेगळं प्रकरण आहे. त्यात टाल्कसारखी भर असते आणि तो ओल पितो. निव्वळ तोच देऊन ‘रंग पुढच्या वर्षी’ म्हणत पावसात फिरवलेल्या गाड्या असतात. त्यांचा पत्रा त्या राखाडी थराखाली शांतपणे तपकिरी होत असतो. जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर उत्तम, पण त्यातलं जस्त धातूला थेट टेकलं तरच काम करतं. गंजावर किंवा जुन्या रंगावर लावून उपयोग नाही.

सडलेल्या जागी ठिगळ मारलं तर किती टिकेल?

सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने वेल्ड केलं तर फार नाही. दोन्हींच्या मध्ये ओल राहते आणि खालचा पत्रा सडत जातो. निरोगी धातू लागेपर्यंत कापा, तेवढ्याच मापाचा तुकडा कडेला कड भिडवून बसवा आणि थोडं थोडं, जागा बदलत वेल्ड करा, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळालेला असतो आणि तिथूनच पुढचा गंज सुरू होतो. तिथे हात पोचत नसेल तर पोकळीत मेण (कॅव्हिटी वॅक्स, पुढे येतंच) गेलंच पाहिजे. जस्ताचा लेप असलेला पत्रा वेल्ड करण्याआधी कडेचं जस्त घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो.

सांध्यात घरातलं सिलिकॉन भरलं तर?

व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर मुळीच नको. सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल निघतं. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. गाडीच्या शिवणींसाठी पॉलियुरेथेनचं सीम सीलर मिळतं, तेच घ्या.

कॅव्हिटी वॅक्स म्हणजे काय, आणि ते घरी मारता येतं का?

येतं, आणि जुन्या गाडीसाठी एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. रंगापेक्षाही आधी.

हे पातळ केलेलं मेण किंवा लॅनोलिन, म्हणजे लोकरीतला स्निग्ध पदार्थ, असतं. लांब लवचिक नळीच्या टोकाला चारी बाजूंना फवारणारं तोंड लावून ते पोकळीत मारतात. त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे न सुकणारा, किंचित मऊ थर राहतो. आधी ते शिवणींत झिरपतं, आणि या झिरपण्यासाठीच सगळा खटाटोप आहे. म्हणून उबदार, कोरडा दिवस निवडा आणि डबा कोमट पाण्यात ठेवा. थंडीत मेण नळीतच गोळा होतं.

नळी पोकळीच्या शेवटच्या टोकापर्यंत घाला, फवारा सुरू करा आणि सावकाश मागे ओढत या. उलट केलंत तर टोकाचा भाग कोराच राहतो. सिलला सहसा कारखान्याची भोकं असतात, रबरी बुचं काढली की सापडतात. नसतील तर दाराच्या चौकटीत झाकलेल्या जागी भोक पाडा, कडेला रंग लावा आणि काम झाल्यावर बूच बसवा. खाली वर्तमानपत्र पसरा. पाणी जायच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं की समजा, ते तळापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी तीच भोकं पुन्हा मोकळी करायला विसरू नका, नाहीतर स्वतःच्या हाताने तुंबवून ठेवाल.

ब्रेक, एक्झॉस्ट आणि सीट-बेल्टचे रोलर झाका. द्रावक उडेपर्यंत ठिणगी नको. आणि वेल्डिंगची सगळी कामं आधी उरका, मेणाने भरलेल्या सिलवर वेल्डिंग म्हणजे आगीला आमंत्रण. ओल्या पोकळीतही मारू नका, आतलं पाणी बाहेर पडेपर्यंत थांबा.

गाडीखाली डांबराचा जाड काळा थर मारून घेऊ का?

नवीन असताना तो चांगला दिसतो, त्रास नंतर सुरू होतो. डांबरी थर वर्षांनी कडक होऊन तडकतो, तड्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. वरून सगळं काळं, एकसंध, आणि आत पत्र्याची जाळी. असलेला थर सपाट पट्टीने ठिकठिकाणी टोचून बघा. घट्ट आहे तिथे राहू द्या, सुटतो तिथे हीट गनने मऊ करून खरवडा, मास्क लावून. साफ पत्र्यावर इपॉक्सी, त्यावर चाकांच्या कमानींत दगडांचा मार सोसणारा लवचिक थर, आणि बाकी सगळीकडे पारदर्शक मेण. पारदर्शक एवढ्याचसाठी, की खाली काय चाललंय ते दिसावं.

उभ्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू का?

नको. रात्री हवा गार होते, कव्हरच्या आत दव जमतं आणि दिवसभर पत्र्याला चिकटून राहतं. श्वास घेणारं कापडी कव्हर छताखाली ठीक.

खरा प्रश्न गॅरेजच्या जमिनीचा असतो. काँक्रीटवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटवून दोन दिवस ठेवा. खाली ओल दिसली तर जमीन पाणी सोडतेय, आणि ते सरळ गाडीच्या पोटाला लागतंय. हवा खेळती ठेवा, किंवा गॅरेज नीट बंद होत असेल तर डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याहून फार खाली नेलीत तर लाकूड आणि चामडं तडकतं. ओली गाडी उबदार बंद खोलीत लावणं सर्वात वाईट. त्यापेक्षा वारा लागणारी गार शेड बरी, कारण ऊब आणि ओल एकत्र आल्या की गंज पळत सुटतो.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवतो. चांगलंच ना?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गरम एक्झॉस्टमधून ते वाफ होऊन जातं. पाच मिनिटांत एक्झॉस्ट तापत नाही, पाणी सायलेन्सरमध्येच साचतं. एक तर अर्धा तास चालवून आणा, नाहीतर सुरूच करू नका.

क्रोमवर तपकिरी ठिपके आलेत.

क्रोमचा थर अतिशय पातळ आणि सूक्ष्म भोकांचा असतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, ठिपके निघतील. मग मेण लावा. खाली खड्डे पडले असतील तर पुन्हा मुलामा चढवण्याशिवाय उपाय नाही.

बॅटरीला जोडायचं ‘गंजरोधक’ इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्यावं का?

जहाज, जमिनीतले पाइप यांना वीज देऊन गंजापासून वाचवतात हे खरं, पण ते सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात. वीज त्या माध्यमातून परत येते. गाडीभोवती हवा आहे, मंडल पूर्णच होत नाही. तेवढ्या पैशांचं मेण घ्या.

माझ्या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. मग काळजी नाही ना?

आहे. १९४८पासूनच्या लँड रोव्हरची बॉडी युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली, पण चॅसी पोलादाचीच. दोन धातू ओल्या अवस्थेत टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि सांध्याजवळ पांढरी भुकटी दिसते. मध्ये टेप किंवा सीलर घाला, साधे लोखंडी स्क्रू टाळा. डीलोरियनचे बाहेरचे पत्रे तर स्टेनलेस स्टीलचे, तरी खालची चॅसी साध्या पोलादाची आहे, आणि इपॉक्सीचा लेप तडकला की ती गंजते.

रंग न मारता जुना उडालेला रंग तसाच जपायचाय. कसं?

सुटा गंज हलकेच घासून तेल किंवा मेणाचा पातळ हात द्या आणि तो वरचेवर पुन्हा द्या. बरेच जण उकळलेलं जवसाचं तेल वापरतात. चालतं, पण त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर सपाट पसरून वाळवा.

धुवायची किती वेळा?

खारट रस्त्यावरून आलात तर लगेच, आणि खालून आधी. साध्या नळीने चाकांच्या कमानी आणि सिलच्या खालची बाजू निवांत धुवा. प्रेशर वॉशर शिवणींवर आणि रबरांवर धरू नका, तो पाणी नको तिथे घुसवतो. धुतल्यावर एक चक्कर मारून या, वाऱ्याने पाणी निघतं. गॅरेजमध्ये लावल्यावर रात्रभर दारं पहिल्या खटक्यावर ठेवा, आणि आतला दिवा लागत असेल तर त्याचा बल्ब आधी काढा. बॅटरी उतरून सकाळी गाडी ढकलत बसलेला मी एकटाच नसेन.